जेनिशने पाठवलेलं मशीन

२ ऑक्टोबर

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बात्मा आपा, रोज ब्लडप्रेशर मोजत जा आणि वहीत लिहून ठेवत जा." वही आणली. मोजायचं यंत्र घरात नाही. कोरी वही बघवत नाही, म्हणून जे घडेल ते लिहिणार आहे. वाचणार कोण? सुनेला माझ्या अक्षरात रस नाही आणि नात अजून शाळेत जात नाही.

आज घडलं ते हे, की माझ्या पोराने, जेनिशने, कपडे धुण्याचं मशीन पाठवलं. नारीन शहराहून टेम्पो आला. दोन पोरांनी मशीन उतरवून पडवीत नळाजवळ ठेवलं, पाइप जोडला आणि चहाही न घेता गेली. पांढरंशुभ्र आहे, गोल काचेचं दार. अख्खी गल्ली बघून गेली. शेजारची काल्चा दोनदा आली. दुसऱ्यांदा येताना साखर मागायचं निमित्त घेऊन आली.

"पोरगा असावा तर असा," ती म्हणाली. "माझा बघ, बिश्केकमध्ये बसून मलाच पैसे मागतो."

"ज्याचं त्याचं नशीब," मी म्हटलं. आतून मात्र फुलून गेले होते.

तालुक्याच्या इस्पितळातल्या धोबीखान्यात माझी उमर गेली. चादरी, बाळंतिणींचे कपडे, ऑपरेशनचे कपडे, गरम सोडा आणि गार पाणी. बोटांच्या सांध्यांना आता अक्रोडासारख्या गाठी आल्यात. लहानपणी जेनिश माझे हात उलटेपालटे करून विचारायचा, "आपा, हे तुझेच हात आहेत ना?" आमच्यात आईलाही आपा आणि वडीलधाऱ्या बाईलाही आपाच म्हणतात. आज फोनवर म्हणाला, "आता पाण्यात हात घालायचा नाहीस. घातलास तर मला इथे कळेल."

रशियात त्याला बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात कागदपत्रांच्या कसल्याशा भानगडीत पोलिसांनी त्याला अडकवून ठेवलं होतं. मला तर जेवण जात नव्हतं. पण देवाची कृपा, साहेबलोक चांगले निघाले. कोठडीऐवजी काम देतो म्हणाले. वर्षाचा करार झाला, पैसे आगाऊ मिळाले. बांधकामच आहे, फक्त लांब, दक्षिणेकडे. मशीन त्याच पैशातून घेतलं.

सून उल्बोसुन दारात उभी होती. पुढे येऊन मशीनला हातसुद्धा लावला नाही. चेहरा असा, की नवऱ्याने मशीन नव्हे, सवत पाठवली.

३ ऑक्टोबर

पहिलं धुणं लावलं आणि मशीन चालायला लागलं. म्हणजे खरंच चालायला लागलं, पायांवर. पिळायची वेळ आली तसं धडधडत पडवीभर फिरलं, पाइप ताणला, भिंतीवर आदळलं. नात सायकाल ओरडत माझ्या अंगावर चढली. काल्चा भिंतीवरून डोकावून म्हणाली, "जिन्न शिरलाय! मौलवींना बोलाव!" मी झाडूच्या दांड्याने प्लग उपटला.

जेनिशचा फोन आल्यावर त्याला सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "मागचे चार बोल्ट काढले का?"

"कसले बोल्ट?"

"आपा, प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागून बोल्ट मारलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन लावायचंच नाही. त्या पोरांनी काढले नाहीत, गाढवं!" आणि हसायला लागला. मी जिन्नाचं सांगितलं तसा आणखी हसला. किती तरी वेळ हसत राहिला. शेवटी शेवटी तो आवाज हसण्यासारखा राहिला नव्हता. लाइन खराब असावी.

बोल्ट उल्बोसुनने काढले.

१२ ऑक्टोबर

पावडर जास्त पडली. मी इस्पितळातल्यासारखी ओंजळीने टाकली होती. पडवीभर फेस. सायकाल त्यात बसून खेळली. जेनिश म्हणाला, "दोन चमचे बस होतात, आपा. तू काय अख्ख्या वॉर्डाचं धुतेयस का आता?"

सवय जात नाही. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, लोकर वेगळी. एवढं मला कुणी शिकवायला नको. पण बटणं शिकावी लागली. आता येतात.

२७ ऑक्टोबर

आज जेनिशने बराच वेळ बोलून घेतलं. मागे दणके ऐकू येत होते. मी विचारलं, "कसला आवाज रे?"

"खांब ठोकतायत, आपा. पुलाचे."

"जेवणाच्या सुट्टीतही?"

"हो. मुकादम चांगला नाही इथला."

मग म्हणाला, मशीन चालू आहे का? चालू होतं. "फोन जरा मशीनजवळ धर." मी धरला. धुऊन झालं, खळबळून झालं, पिळून झालं, तोवर त्याने फोन ठेवला नाही. माझा हात अवघडला. शेवटी कानाला लावून म्हटलं, "काय ऐकतोस रे एवढं?" म्हणाला, "काही नाही. चांगलं चाललंय. आवाजावरून कळतं, सगळं जागेवर आहे."

एवढं यंत्राचं ज्ञान याला कधीपासून? लहानपणी सायकलची साखळी बसवता येत नव्हती.

८ नोव्हेंबर

सायकाल जेवताना म्हणाली, "बाबांनी झाडांच्या रंगाचे कपडे घातले होते."

"कुठे बघितलंस?"

"आईच्या फोनमध्ये. बाबा जमिनीच्या खालच्या घरात राहतात."

उल्बोसुनच्या हातून वाडगा पडला. मटणाच्या शुर्प्याचा रस्सा सगळ्या गालिच्यावर. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती गालिचा पुसत राहिली. जमिनीखाली घर केलंय ते बरंच. तिकडच्या वाऱ्यात तंबूत राहून हाडं गोठतील. मला एवढंच खटकलं, की तिला व्हिडिओवर दिसतो आणि मला नुसता आवाज. बायकोपुढे आई कोण! कानामागून आली आणि तिखट झाली.

१५ नोव्हेंबर

काल्चाशी भांडण झालं. तिच्या चादरी मी मशीनला लावून दिल्या होत्या. घ्यायला आली तेव्हा पडवीत बसून हळूच म्हणाली, "बात्मा, रागावू नकोस. पण तिकडे आपल्या पोरांना कोठडीतून उचलून लढाईला नेतायत म्हणे. आधी पैसे देतात. तुझा नक्की कुठे आहे?"

माझं डोकंच फिरलं. "माझा पोरगा सिमेंट कालवतो! तुला मशीन खुपतंय, म्हणून जळतेयस. तुझ्या जिभेला कीड पडो!"

ती ओल्या चादरी घेऊनच गेली. गेली तर गेली.

उल्बोसुन पलीकडे पीठ मळत होती. तिने ऐकलं असणार. पण एका शब्दाने माझी बाजू घेतली नाही.

४ डिसेंबर

थंडी जोरात. पडवीतला नळ सकाळी गोठलेला असतो. जेनिशने सांगितलंय, धुणं झालं की मशीनमध्ये थेंबभर पाणी ठेवायचं नाही. खाली उजवीकडे झाकण आहे. ते उघडायचं, आतली बारकी नळी खाली ताटात सोडायची, पाणी काढायचं, मग फिल्टर फिरवून बाहेर काढायचा. "पाणी आत गोठलं की पंप फुटतो, आपा. मग काही करता येत नाही."

आज मी स्वतः केलं. फिल्टरमध्ये एक बटण, लोकरीचा गुंता आणि सायकालच्या बाहुलीचा जोडा निघाला. जेनिशला सांगितलं तर परीक्षेत पास झाल्यासारखा खूश.

"तुला एवढं कसं येतं रे?"

"मशीनचं पुस्तक फोनमध्ये उतरवून घेतलंय. सगळं पाठ झालंय. इथे वाचायला दुसरं काही नाही."

मग मी विचारलं, "तू स्वतःचे कपडे कधी धुतोस?"

"धुतो की."

"कधी?"

म्हणाला, "पाणी लांब आहे इथे."

मी झापलं. माणूस परमुलखात आहे म्हणून काय घाणीत राहायचं? उवा होतील. तो "हो आपा, हो आपा" करत होता. झापून घेताना त्याला बरं वाटत होतं, असं मला उगाच वाटलं.

१८ डिसेंबर

आमचं पाणी खारट, चुन्याचं. किटलीत पांढरा थर धरतो तसा मशीनमध्येही धरतो. जेनिशच्या सांगण्यावरून पावडरच्या जागी लिंबूसत टाकून, कपड्यांशिवाय, सगळ्यात गरम पाण्यावर मशीन रिकामं फिरवलं. खालून पापुद्रे निघाले. दाराच्या रबरात बोट घालून पुसलं, तिथे काळी बुरशी धरायला लागली होती. "रबर पुसायला विसरू नकोस," असं त्याने तीनतीनदा बजावलं होतं. मग हळू आवाजात म्हणाला, "आपा, धुतलेली उशी कशी लागते गं गालाला?"

मी म्हटलं, "काय वेड्यासारखं विचारतोस? उशीसारखी लागते."

आता लिहिताना वाटतंय, नीट सांगायला हवं होतं.

३१ डिसेंबर

नव्या वर्षाचं जेवण. पिठाचे बोरसोक तळले, मटणाचं कुरदाक केलं. काल्चाकडून या वर्षी ताट आलं नाही, मीही पाठवलं नाही.

जेनिशचा फोन दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून आला. घाईत होता. म्हणाला, "आता काही दिवस फोन लागणार नाही. काम पुढे सरकलंय, तिकडे नेतायत. काळजी करू नकोस. आणि धुणं काढलं की मशीनचं दार उघडं ठेवत जा, आपा. लगेच बंद केलं की आत कुबट वास धरतो."

"ठेवते रे. किती वेळा सांगशील?"

"उल्बोसुनला बोलू नकोस."

"तिने चुगली केली वाटतं?"

"नाही, आपा. ती कधीच काही सांगत नाही." मग मी फोन तिच्याकडे दिला. ती तो घेऊन गोठ्याकडे गेली. परत आली तेव्हा गाल लाल, डोळे सुजलेले. मी म्हटलं, बर्फात उभी राहिलीस कशाला? म्हणाली, "आत रेंज नव्हती."

१४ जानेवारी

आज घरात जे झालं ते कसं लिहू?

सकाळी ऊन चांगलं पडलं म्हणून अंथरुणं काढली. उल्बोसुन सायकालला घेऊन दवाखान्यात गेली होती. तिच्या उशीखाली जेनिशचा शर्ट सापडला. निळ्या रेघांचा, गेल्या वेळी सुट्टीवर आला होता तेव्हाचा. कॉलर काळी, काखेत घामाचे डाग. दीड वर्ष हा शर्ट न धुता उशीखाली! मला शरम वाटली. बाहेरच्या कुणी बघितलं तर म्हणेल, धोबीखान्यातल्या बाईच्या घरात हे काय? चादरींबरोबर गरम पाण्यावर लावला. कॉलर अशी निघाली, जशी दुकानातून आत्ता आणलीय. दोरीवर टाकला. मनात म्हटलं, सून खूश होईल.

ती फाटकातून आत आली आणि दोरीकडे बघत थांबली. सायकालचा हात सोडला. धावत जाऊन शर्ट ओढला, तोंडाला लावला, पुन्हा लावला, उलटा करून काखेत नाक घातलं. मग अशी ओरडली, की काल्चाची कुत्री भुंकायला लागली.

"काय केलंत! आपा, काय केलंत तुम्ही!"

इतकी वर्षं घरात आहे, माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, "शर्ट धुतला, दुसरं काय केलं? घाण होता."

"त्यात तेवढंच होतं!" ती म्हणाली. "तेवढंच उरलं होतं!"

बर्फात बसली शर्ट घेऊन. मलाही राग आला. नवरा मेल्यासारखं कशाला करतेस, असं बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काही सांगायचं होतं, ओठ हललेही. पण सायकाल रडायला लागली आणि ती उठली.

एका शर्टासाठी एवढं! नवरा आला की आणखी दहा घालील.

२२ जानेवारी

फोन नाही. उल्बोसुन सगळी कामं करते, गाईचं दूध काढते, भाकरी भाजते, मला चहा ओतून देते. पण तोंडाला कुलूप. मशीनला ती हात लावत नाही. तिचे आणि सायकालचे कपडे गरम पाणी करून परातीत धुते. मी म्हटलं, हात फुटतील. म्हणाली, "फुटू देत."

३ फेब्रुवारी

फोन नाही. त्या दुसऱ्या नंबरवर मी स्वतः लावून बघितला. कुणी बाई रशियनमध्ये तेच तेच सांगते.

काल्चा विहिरीपाशी भेटली. दोघी खाली मान घालून गेलो.

९ फेब्रुवारी

हे त्या दिवशी लिहिलेलं नाही. हात चालायला लागल्यावर लिहितेय. पण तारीख तीच घालते.

सकाळी मशीन लावलं आणि मधेच वीज गेली. काचेतून कपडे दिसत होते, पाण्यात बुडालेले. दार उघडेना. वीज गेली की दार अडकून बसतं, थोडा वेळ थांबायचं, हे माहीत होतं. जेनिशनेच सांगितलेलं. मी समोर बसून राहिले.

तेवढ्यात फाटकातून गावच्या कचेरीतला माणूस आला, त्याच्यामागे मौलवी आणि एक अनोळखी साहेब. मी उठून म्हटलं, "बरं झालं आलात! ही वीज रोज जाते. हे मशीन बिघडलं तर कोण भरून देणार?"

कचेरीतल्या माणसाने टोपी काढली. "बात्मा आपा, आत बसू या."

"इथेच सांगा. मला मशीन सोडून येता येत नाही."

मौलवी म्हणाले, "आपा, धीर धर. जेनिश देवाघरी गेला."

मी विचारलं, "पुलावरून पडला का?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. साहेब म्हणाला, "कसल्या पुलावरून?"

मी उल्बोसुनकडे वळले. ती गोठ्याच्या दारात उभी होती, हातात दुधाची बादली. बादली तिने हळूच खाली ठेवली, सांडू न देता. मग भिंतीला टेकून बसली. रडली, केस उपटले, सगळं केलं. पण दचकली नाही. तेव्हा मला कळलं. हिला माहीत होतं.

मी तिला मारलं. हे लिहायला हवं. मौलवींनी आणि त्या साहेबाने मला ओढून धरेपर्यंत मारलं. "तू माझा पोरगा गिळलास! माहीत असून मला मशीन फिरवत बसवलंस!" तिने हात वर केला नाही.

साहेब जाताना म्हणाला, दुसऱ्या देशाच्या लढाईत पैसे घेऊन जाणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा पेटी आली की फार गाजावाजा करू नका.

वीज केव्हा आली माहीत नाही. मशीनकडे कुणी फिरकलं नाही. पुढे कधी तरी दार उघडलं तेव्हा कपड्यांना असा वास होता, की उल्बोसुनला ते पुन्हा पुन्हा धुवावे लागले.

२ मार्च

आज जेनिशला आणलं.

अंगणात मयतासाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू ठोकला होता. सकाळपासून पुरुषांनी चुलाणावर पाणी तापवून ठेवलं होतं, मयताला धुणारे ठरले होते, पांढरं कापड फाडून ठेवलं होतं. गाडीतून उतरली ती जस्ताची पेटी, चारी बाजूंनी डाग देऊन बंद केलेली. वर रशियन अक्षरांत नाव, तेही चुकवलेलं.

मी म्हटलं, "उघडा."

मौलवी म्हणाले, "उघडायची नाही, आपा. तसं लेखी दिलंय त्यांनी."

"मग धुणार कसं?"

"धुवायचं नाही. तसाच नमाज पढू."

"तीन महिने त्याच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं. मला म्हणाला होता, पाणी लांब आहे. इथे पाणी तापलंय. उघडा."

"आपा, उघडून बघण्यासारखं नसेल."

"इस्पितळात मी काय काय बघितलं नाही? ते सगळं माझ्या या हातांनी धुतलंय!"

मौलवी हळू म्हणाले, "ती लोकांची लेकरं होती, आपा."

मग बायकांनी मला तंबूत नेलं. उल्बोसुन आधीपासून भिंतीकडे तोंड करून बसली होती. आमच्यात सासू-सून जवळ जवळ बसून विलाप करतात. मी तिच्यापासून लांब बसले. तिनेच दोघींचा विलाप केला.

माणसं थोडी आली. ज्यांच्या घरचं कुणी सरकारात आहे ते आले नाहीत. काल्चाचा जावई कचेरीत आहे, तीही आली नाही. पण भिंतीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

तापवलेलं पाणी कुणी वापरलं नाही. माणसं कब्रस्तानातून परत आली तेव्हा त्यावर बर्फाची साय धरली होती.

१० एप्रिल

चाळिसावा दिवस झाला. जेनिशचे कपडे रिवाजाप्रमाणे वाटून टाकले. कोट माझ्या भावाला, बूट चुलतभावाला. तो निळ्या रेघांचा शर्ट मी गठ्ठ्यातून काढून उल्बोसुनला दिला. तिने तो घडी करून आपल्या सामानात ठेवला.

तिचा बाप न्यायला आलाय. बरोबर आहे, इथे तिला कोण आहे? दीर नाही, सासरा नाही. बाहेर तो गाडीत सामान भरत होता. मी पडवीत मशीनजवळ बसले होते. ती आली आणि समोर उकिडवी बसली.

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सुरुवातीलाच. मशीन आलं त्याच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं. सही केली म्हणाला. नाही तर कोठडीत कुजलो असतो म्हणाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. सायकालची."

"मला सांगितलं असतंस तर मी..."

"काय केलं असतं, आपा?" ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, "रडले असते. रोज फोनवर रडले असते."

"मी रोज रडायचे त्याच्याजवळ," ती म्हणाली. "म्हणून मला फोन लावायला तो घाबरायचा. शेवटी शेवटी माझ्याशी दोन वाक्यं बोलायचा. म्हणायचा, आता आपाला लावतो, मशीनचं विचारतो. तुमच्याशी बोलताना तेवढा वेळ तो तिथे नसायचा."

मी तिचा हात धरला. तो फुटलेला होता, बोटांना चिरा पडलेल्या. माझा होता तसा, तिच्या वयात.

"मशीन घेऊन जा," मी म्हटलं. "तुझ्या बापाच्या गाडीत मावेल."

"नको. त्याने ते तुमच्या हातांसाठी घेतलं."

"मी तुला मारलं."

"हो," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही.

निघताना मी हात पसरून दुआ दिली, बायकांची लांबलचक असते तशी नाही. वाट चांगली लाभो, पोरगी मोठी होवो. सायकालने विचारलं, "आजी का नाही येत?" गाडी सुरू झाली होती, उत्तर द्यावं लागलं नाही.

२१ एप्रिल

बर्फ वितळला. अंगणात चिखल.

इतके दिवस परातीत हाताने धुतलं. आज सांधे इतके धरले की सुरीही पकडवेना. म्हणून मशीन लावलं. माझा एक झगा, एक टॉवेल, एक उशीचा अभ्रा. बाकी घरात मळायला आहे कोण?

धुऊन झालं. पण पिळायची वेळ आली तसा ड्रम फिरायला लागे, धडधडे आणि थांबे. पुन्हा हळूहळू फिरे, कपडे एका अंगाला गोळा होत, पुन्हा थांबे. इतक्या थोड्या कपड्यांनी तोल सापडत नाही त्याला. बंद करून चालू केलं, कपडे पसरून ठेवले, तरी तेच. मी समोर बसून बघत राहिले. उठून हाताने पिळावं तर बोटं मिटत नव्हती.

फाटक वाजलं. काल्चा होती, कमरेवर गाठोडं. नोव्हेंबरनंतर ती या अंगणात आली नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, "सकाळपासून ऐकतेय. चालू होतंय, बंद पडतंय, चालू होतंय. डोकं उठलं माझं."

"थोडे कपडे असले की पिळत नाही."

"मग हे टाक." तिने गाठोडं सोडलं. नवऱ्याचे शर्ट, नातवांच्या शाळेच्या पँटी, टेबलावरची चादर. सगळे ओले. भिंतीपलीकडे परातीतून तसेच उचलून आणले असावेत.

मी दार उघडून कपडे आत भरले. ड्रम फिरला, एकदा डगमगला, मग तोल सापडला आणि जोरात पिळायला लागला. काल्चा उलट्या बादलीवर बसली. मी दुसऱ्या बादलीवर. मशीनचा आवाज होता म्हणून बोलावं लागलं नाही. मधे एकदा तिने डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी यायला हवं होतं, बात्मा."

"हो, यायला हवं होतंस."

थांबल्यावर दोघींनी कपडे काढले. सगळे एकमेकांत गुंतले होते, बाह्या पँटींत, पँटी चादरीत. काल्चा एकेक सोडवत म्हणाली, "तुझं कुठलं आणि माझं कुठलं, काही कळत नाही."

मी झगा, टॉवेल आणि अभ्रा ओढून घेतला.

"माझं एवढंच आहे," मी म्हटलं.